इब्राहीमच्या घरचे पाहुणे

त्या वर्षी रमजानचा अर्धा महिना सरला तरी शिंपीमास्तरांना मागून एकही घास मिळाला नव्हता, आणि त्या आनंदात त्यांची पावलं जमिनीवर ठरत नव्हती.

घास म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. रमजानमध्ये रात्रीच्या नमाजला जोडून तरावीहची लांब नमाज होते. तिच्यात महिनाभरात सगळं कुराण म्हटलं जातं, तेही पाठ. म्हणणारा पुढे उभा राहतो आणि नेमका त्याच्या पाठीमागे, पहिल्या रांगेत, पाठ असलेला दुसरा माणूस, म्हणजे दुसरा हाफिज, उभा असतो. पुढच्याची जीभ अडली किंवा तो वाट चुकला, की मागच्यानं खरे शब्द मोठ्यानं म्हणायचे. पुढचा ते उचलतो आणि चालू लागतो. याला लुकमा देणं म्हणतात, म्हणजे घास देणं.

मास्तरांच्या मागे त्यांचा बालमित्र उभा असायचा. तो घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून मास्तर त्याला टिकटिक म्हणत. तो त्यांना मास्तरच म्हणे, पण अरेतुरेत. दोघंही एकाच उस्तादांच्या हाताखाली गुडघ्याला गुडघा लावून शिकलेले. मास्तरांचा आवाज भरदार, घड्याळवाल्याचा चिरका. पण पाठ कुणाचं पक्कं म्हणाल तर घड्याळवाल्याचं. तेव्हा उस्तादांनीच वाटणी करून दिली होती. हा पुढे, तो मागे.

उस्ताद नुसतं पाठ करून घेत नसत, ते कुठून आलं तेही सांगत. म्हणायचे, पैगंबरसाहेबांच्या काळात लिहिणारे थोडे आणि ऐकणारे फार. शब्द उतरायचा तो माणसांच्या छातीत ठेवला जायचा. दर रमजानमध्ये जिब्रील फरिश्ता यायचा आणि पैगंबरसाहेब त्याच्याबरोबर सगळं म्हणून बघायचे. पुढे, त्यांच्या माघारी, एका लढाईत पाठ असलेले पुष्कळ लोक पडले, तेव्हा हे हरवेल असं जाणत्यांना वाटलं आणि सगळं गोळा करून लिहून ठेवलं गेलं. "पण लिहिलं म्हणून तोंडानं द्यायचं कुणी सोडलं नाही," उस्ताद सांगत. "पैगंबरसाहेबांना लोक अमीन म्हणत, म्हणजे ज्याच्याकडे ठेव निर्धास्त ठेवावी असा. जे त्यांच्या जिवावर उठले होते, त्यांच्याही वस्तू त्यांच्याच घरी ठेवलेल्या. गाव सोडायची वेळ आली तेव्हा त्या परत करायला ते माणूस मागे ठेवून गेले. पुढे दूरदूरच्या बंदरांत हा धर्म पोचला तो बराचसा व्यापाऱ्यांबरोबर, कारण त्यांच्या तराजूवर लोकांचा भरवसा बसला होता. तेव्हा ऐका. पुढचा चुकला तर ते माणसाचं चुकणं. मागचा जाणूनबुजून गप्प बसला तर त्यानं ठेवीला हात लावला."

दोघं मित्र तेव्हापासून रमजानच्या दुपारी मास्तरांच्या दुकानात बसत आणि रात्रीचा भाग एकमेकांना म्हणून दाखवत. मास्तर कापड बेतत म्हणायचे, घड्याळवाला डोळे मिटून ऐकायचा आणि चूक झाली की टेबलावर बोट आपटायचा.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र मास्तरांचं वय बोलू लागलं होतं. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचे आणि बाहीचं विसरायचे. रमजानमध्ये मागून इतके घास यायला लागले की पोरं बाहेर हसायची. म्हणून यंदाचं हे सुरळीत चालणं त्यांना अल्लाची मेहेरबानी वाटत होती.

"मास्तर, यंदा तुमची गाडी कुठं थांबतच नाही," मशिदीचे कारभारी पायऱ्यांवर म्हणाले.

"टिकटिकला विचारा. यंदा त्याचा धंदा बसला," मास्तर म्हणाले.

घड्याळवाला हसला आणि वाकून चप्पल शोधू लागला. ती समोरच होती.

मास्तरांची मुलगी सासरहून दोन दिवसांसाठी आली होती. लहानपणी दुकानातल्या चिंध्यांत बसून या दोघांचं ऐकता ऐकताच तिचं अर्ध्याहून जास्त पाठ झालं होतं. त्या रात्री तीही नमाजला गेली, वरच्या मजल्यावर बायकांत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एका कोटाचं अस्तर उसवत बसले होते. ती जवळ येऊन बसली.

"अब्बा, चाचांचा घसा बसलाय का?"

"नाही बुवा. काल तर कारभाऱ्यांशी तावातावानं बोलत होता. का गं?"

ती जरा वेळ दोऱ्याचे तुकडे गोळा करत राहिली. "मग काल इब्राहीमच्या घरी पाहुणे आलेच नाहीत ते कसं?"

मास्तरांची कात्री थांबली.

तिनं सावकाश सांगितलं. काल इब्लीसची, म्हणजे सैतानाची, गोष्ट चालली होती. आदमपुढे झुकायला तो नकार देतो, मग मुदत मागतो, ती त्याला मिळते. ही गोष्ट कुराणात बऱ्याच ठिकाणी येते आणि शब्द इतके सारखे की पाठ करणाऱ्याचा पाय तिथंच घसरतो. मास्तर एका सूरेतून, म्हणजे कुराणाच्या एका अध्यायातून, चालले होते. मुदत मिळाली तिथं ते अलगद दुसऱ्या सूरेच्या वाटेला लागले, तिच्या शेवटापर्यंत गेले आणि वाकले. उठून पुढच्या रकातीला, म्हणजे नमाजच्या पुढच्या फेरीला, त्यांनी नवी सूरा धरली. मधलं सगळं राहून गेलं. इब्राहीमच्या घरी येणारे पाहुणे, म्हाताऱ्याला मिळालेली मुलगा होणार असल्याची खबर, लूतच्या गावाचं काय झालं ते.

"मी वर वाट बघत होते, आता चाचा बोलतील, आता बोलतील," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच चुकतंय. घरी येऊन उघडून बघितलं."

"त्याच्या लक्षात आलं नसेल."

"चाचांच्या? अब्बा, चाचा झोपेत सुद्धा टेबलावर बोट आपटतात, असं तुम्हीच सांगता ना?"

मास्तर यावर हसले नाहीत. त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला, दोनदा चुकले, आणि सुई उशीला टोचून उठले.

घड्याळवाल्याचं दुकान म्हणजे दोन जिन्यांमधली फट. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. तो डोळ्याला भिंग लावून एका यंत्रावर वाकला होता.

"लवकर आलास," मान वर न करता तो म्हणाला. "दुपारी मीच येणार होतो."

"काल पाहुणे आले नाहीत."

"कुणाकडे?"

"इब्राहीमकडे."

घड्याळवाल्यानं चिमटा खाली ठेवला. भिंग काढलं, पुसलं, पुन्हा पुसलं. तेवढ्यानं मास्तरांना उत्तर मिळालं. इथं येईपर्यंत रस्ताभर ते मनाशी म्हणत आले होते, की तोही आता म्हातारा झाला, त्याच्याही डोक्यातून निसटलं असेल. ते निसटलं नव्हतं.

"कालच की आधीही?" त्यांनी विचारलं.

"बस आधी."

"मी बसायला आलो नाही."

"आधीही," घड्याळवाला म्हणाला. "हे बघ, रमजानच्या आधी कारभारी माझ्याकडे आले होते. म्हणाले, मास्तरांना यंदाही असं पावलापावलाला सावरावं लागलं तर पुढच्या वर्षी बाहेरून तरुण हाफिज आणू. वर म्हणाले, मागून आवाज आलाच नाही तर कुणाला काय कळतंय. आता मी काय करायचं होतं? दुपारी तुला सांगतच होतो की. रात्री लोकांसमोर तुझी शोभा करायची?"

"म्हणजे मला सोडून दोघांचं ठरलं."

"ठरलं काय त्यात. तुझ्यासाठीच केलं." त्याचा आवाज खाली आला. "आणि तू जे गाळायचास ते मी मागे उभ्या उभ्या मनात म्हणून टाकायचो. एक अक्षर सोडलं नाही."

"तू म्हटलंस ते तुझ्यापाशी राहिलं. मागे अख्खी मशीद उभी होती, दिवसभर उपाशी राहून. त्यांच्या कानावर काय पडलं?"

"अरे, त्यांना अरबी कुठं कळतं?"

"म्हणून तर आपल्याला उभं केलंय ना."

एका घड्याळानं अवेळी टोले दिले.

"काय काय राहिलं ते सांग," मास्तर म्हणाले. "तुला आठवत असणार."

त्याला सगळं आठवत होतं, हेच जास्त लागलं. शुऐबच्या लोकांचं अर्धं राहिलं. मूसाचे जादूगार हार मानतात तिथला एक तुकडा. यूसुफच्या कैदखान्यातल्या दोन ओळी. तो बोटांवर मोजत सांगत गेला, आणि मास्तर उभ्यानं ऐकत राहिले. बायकोला त्यांनी सांगितलं होतं, 'बघ, डोकं परत आलं.' मुलीला आवर्जून बोलावून घेतलं होतं, की यंदा ऐकायला ये. जे परत आलं असं त्यांना वाटत होतं ते आलंच नव्हतं. दुसऱ्यानं त्यांच्यापुढे पडदा धरला होता, आणि पडद्याच्या अलीकडे ते एकटेच होते.

"दुपारी येऊ ना?" घड्याळवाल्यानं विचारलं.

मास्तर वळून रस्त्याला लागले.

पाववाल्याची भट्टी वाटेतच होती. त्यालाही तरुणपणी पाठ झालेलं होतं. तो दुसऱ्या रांगेत उभा असायचा. "तुझ्या काही कानावर आलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

पाववाला हातावरचं पीठ झटकत राहिला. "खटकलं एकदोनदा," तो म्हणाला. "पण पहिल्या रांगेत घड्याळवाले उभे होते. ते गप्प आहेत म्हटल्यावर मला वाटलं, माझंच पाठ कच्चं झालंय. ते गप्प बसले म्हणजे बरोबरच असणार."

"आज तू माझ्या मागे उभा राहा," मास्तर म्हणाले. "पाठ कच्चं असलं तरी चालेल. खटकलं की तोंड उघड."

दुपारी त्यांनी दुकानाची फळी लावून घेतली आणि मुलीला समोर बसवून राहिलेले तुकडे म्हणून घेतले. फळीवर टकटक झाली, पुन्हा झाली. मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणतच राहिले.

रात्री नमाज सुरू व्हायच्या आधी मास्तर लोकांकडे तोंड करून उभे राहिले. कारभाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"माझ्याकडून मधले काही भाग राहून गेले आहेत," मास्तर म्हणाले. "ते आज आधी म्हणणार आहे. वेळ लागेल. घाई असेल त्यांनी मागे बसावं."

"अहो मास्तर, एवढ्यासाठी..." कारभारी उठता उठता म्हणाले.

"एवढ्यासाठीच," मास्तर म्हणाले. ते कसं राहिलं, कुणामुळे राहिलं, हे ते बोलले नाहीत. पाववाल्याला त्यांनी खुणेनं आपल्या मागे बोलावलं. तिथं आधीच घड्याळवाला उभा होता. दोघांची एकमेकांकडे नजर गेली. घड्याळवाला बाजूला झाला आणि रांगा ओलांडत मागे गेला. किती मागे, ते मास्तरांनी बघितलं नाही.

शुऐबचे लोक झाले. जादूगार झाले, कैदखाना झाला. इब्राहीमच्या घरी पाहुणे आले, त्यांना पाहून तो घाबरला, त्यांनी त्याला मुलाची खबर दिली. मास्तर प्रत्येक शब्दावर पाय रोवून चालले होते, खोल पाण्यातून जावं तसे. लूतच्या गावापाशी आले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं.

ते थांबले. मागची ओळ पुन्हा म्हटली, म्हणजे आपोआप पुढची येईल म्हणून. आली नाही. पाववाला घसा साफ करत होता. त्यालाही सापडत नव्हतं. मशीद इतकी शांत झाली की वरच्या मजल्यावरचं तान्हं मूल चोखत होतं ते ऐकू आलं.

मग अगदी शेवटच्या रांगेतून, चपला ठेवतात तिथून, चिरका आवाज आला. नेमके शब्द, नेमक्या जागी, सगळ्यांना ऐकू जातील इतके मोठ्यानं.

मास्तर लगेच बोलले नाहीत. तो आवाज त्यांना नको होता. पण शब्द त्या आवाजाचे नव्हते. ते त्यांच्या आधी आणि त्याच्याही आधी कुणाकुणाच्या तोंडून इथवर आलेले होते, आणि खरे होते. त्यांनी ते उचलले आणि पुढे चालू लागले.

नमाज संपली. पायऱ्यांवर घड्याळवाला थांबला होता. लोक मधून वाट काढत उतरत होते.

"आज बोललो की," तो म्हणाला.

"बोललास."

"मग उद्यापासून मागे येतो. कारभारी काय म्हणायचं ते म्हणू देत. तुझं जिथं जिथं चुकेल तिथं बोलेन. कसम घेऊन सांगतो."

मास्तरांनी चपलेत एक पाय घातला, दुसऱ्यासाठी भिंतीला हात टेकला.

"तू बोलशीलच रे," ते म्हणाले. "प्रश्न तू बोलतोस त्या वेळचा नाही. इतकी वर्षं मी तिथं उभा राहायचो तो तुझ्या गप्प बसण्यावर. मागून आवाज नाही म्हणजे माझं बरोबर चाललंय, एवढंच मला माहीत होतं. आता तू गप्प असलास की मी काय समजायचं?"



मास्तर उतरून कारभाऱ्यांपाशी गेले. "पुढच्या वर्षी बाहेरून माणूस आणायचा म्हणत होतात ना," ते म्हणाले. "उद्याच आणा. राहिलेलं अर्धं कुराण तो म्हणेल."

मुलगी खाली वाट बघत उभी होती. दोघं बापलेक गल्लीतून चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "अब्बा, चाचा अजून तिथंच उभे आहेत."

"असू दे," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "लूतच्या गावापाशी काय होतं गं पुढे? सांग बरं, पुन्हा गेलं."

तिनं चालता चालता हळू आवाजात सांगितलं, आणि ते तिच्या मागोमाग म्हणत गेले.