शेवटचं घर धरून

माझी बायको सानाए गेल्यापासून मला काही वाटत नाही. भूक लागत नाही, झोप तेवढी येते, दाढी वाढते. बाकी मी आपला इम्युलेटर लिहीत बसतो. जुन्या खेळयंत्राचं हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्रॅम, माझा आठ वर्षांचा रिकामा उद्योग.

दवाखान्यात ती शाळेच्या दिवसांतला जुना खेळ पुन्हा खेळायची. शेवटी म्हणाली, "किल्ल्याच्या अलीकडे मुक्कामाची सराई आहे, तिथे खेळ थांबवलाय. मी गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या आत पुढचं तू बघ. नंतर माझा आत्माही घरात नसणार."

खेळाच्या कार्ट्रिजमधली, नोंद जपणारी बॅटरी मरायला टेकली होती. आतलं सगळं मी फाइलीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी बॅटरीने मान टाकली.

इम्युलेटरमध्ये फाइल उघडली की पडद्यावर एकच ओळ: नोंद नाही. हा खेळ आधी मेमरीतल्या सगळ्या घरांतल्या आकड्यांची बेरीज करतो आणि शेवटच्या घरात लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघतो. ती जुळेना. महिनाभर मी बेरीजच तपासत बसलो. हातात उद्याचा एक दिवस होता.

सकाळी सासूबाई काळा किमोनो नेसून, एकोणपन्नास मोचींचा, म्हणजे तांदळाच्या मऊ गोळ्यांचा, डबा घेऊन दारात हजर.

"आई, उद्या ना?"

"आज! अहो मोतोकीसान, माणूस गेलं तो दिवस पहिला धरायचा. एवढे कॉम्प्युटरवाले तुम्ही, आणि दिवस मोजता येईनात? अकराला विधीसाठी देवळात पोचायचंय."

मी टोकाचा एक दिवस गाळला होता. तसाच कॉम्प्युटरपाशी गेलो. इम्युलेटरमध्ये मीच लिहिलं होतं: मागितलेल्या घराचा पत्ता शेवटच्या घराच्या पत्त्याहून लहान असेल, तरच आत घ्या. म्हणजे शेवटचं घरच बाहेर. तिथे विचारलं की शून्य मिळायचं. 'किंवा तेवढाच' एवढं मी वाढवलं.

"कपडे बदला आधी!" सासूबाई ओरडल्या.

बेरीज जुळली, पडद्यावर सराई उघडली. तिने आमची नावं दिलेली दोघं तिथे उभी होती. पुढे सानाए, मागे मोतोकी. तिच्याकडे काहीच नव्हतं. तलवार, चिलखत, औषधाच्या सातही बाटल्या, सगळं तिने माझ्याकडे देऊन ठेवलं होतं.

सासूबाई मागे येऊन वाकल्या. "वेडी पोरगी! अशी बाहेर पडली तर पहिल्याच फटक्यात मरेल की."

"हो," मी म्हणालो.

मला कडकडून भूक लागली. मी डब्यात हात घातला. मोची देवळासाठी मोजून आणलेल्या होत्या, तरी सासूबाईंनी डबा माझ्याकडे सरकवला.