कडक उपास

मेघालीने ताटातला भात परत पातेल्यात टाकला आणि म्हणाली, "आये, माजा उपास हाय."

घरात घट बसले होते हे खरं, पण सुक्या बोंबलाशिवाय घास न गिळणारी ही मुलगी नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहणार म्हटल्यावर सोजराबाई हरखूनच गेली. मुरब्याहून ती बोईसरच्या बाजारात मासे विकायला जायची. नवरात्रात गिऱ्हाईक तसंही कमी, त्यामुळे जे येईल त्याला भावाआधी लेकीचा कडक उपास ऐकावा लागे.

मेघाली शाळेच्या कबड्डी संघात होती. अंगाने दणकट, तिच्या पकडीतून कोणी सुटत नसे. दसरा झाला की पालघरला जिल्ह्याची निवड आहे, हे सोजराबाईला माहीत होतं. पंचावन्न किलोच्या वर काटा गेला की मैदानात घेत नाहीत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. चार किलो उतरव नाहीतर घरी बस, असं संघाला शिकवणारे ललित सर मेघालीला म्हणाले होते. आईला ते कळलं असतं तर तिने समोर बसवून जेवायला घातलं असतं. देवीचं नाव घेतल्यावर मात्र कोणी आग्रह करत नाही.

सातव्या माळेला मेघालीचा हात भाकरीच्या टोपलीकडे गेला. सोजराबाईने टोपली उचलून फळीवर ठेवली.

"दोनच माळा ऱ्हायल्यात, बाय. देवीचं मोडू नको."

मेघालीने हात मागे घेतला.

निवडीच्या दिवशी ती वजनात बसली. पहिल्याच चढाईत वळताना तिचा गुडघा फिरला. तिला कोणी धरलंसुद्धा नव्हतं.

बोईसरच्या डॉक्टरांनी विचारलं, मुलगी काय खात होती. सोजराबाईने तिथेही कौतुकाने नवरात्राचं सांगितलं. मेघालीने तोंड भिंतीकडे वळवलं.

"देवीसाटी नव्हतं, आये. वजनासाटी होतं."

वाढत्या वयात असं उपाशी राहून वजन उतरवलं की अंगात त्राण उरत नाही, मग गुडघा सावरायचा कोणी, असं डॉक्टर म्हणाले. नंतर त्यांनी सोजराबाईला एकटीलाच बाहेर बोलावलं. ऑपरेशननंतर मुलगी चालेल, पण कबड्डीचं नाव आता काढू नका. सोजराबाईला सरांचा राग आला, लेकीचाही आला. सगळ्यात जास्त आला तो टोपली फळीवर ठेवणाऱ्या स्वतःच्या हातांचा.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर तिने कोलंबीचं कालवण केलं आणि भात वाढून ताट खाटेवर नेलं. मेघालीने चार घास खाल्ले आणि ताटावर हात आडवा धरला.

"बस, आये. पुडच्या वर्षी परत काट्यावर उभं ऱ्हायचं हाय."

सोजराबाईने तिचा हात हळूच बाजूला केला आणि आणखी एक डाव भात वाढला.

"पुडच्या वर्षाचं पुडं बगू," ती म्हणाली, आणि लेकीकडे न बघता कोलंब्या सोलून तिच्या भातावर ठेवत राहिली.