वाघोलीची पोच

नम्रताच्या जिभेला धार आहे, हे पुण्यातल्या बिबवेवाडीच्या त्या औषध कंपनीच्या ऑफिसात शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. "नेट चालत नाहीये" असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "केबल लावून बघा, कधीकधी उपयोग होतो." अशी ही बाई आज सकाळपासून गप्प होती. लोकांना वाटलं, काम अवघड असणार. काम अवघड होतंच हो, पण गप्प बसण्याचं कारण निराळं होतं.

काम असं. ऑफिसातले कॉम्प्युटर जुन्या पद्धतीच्या छोट्या पत्त्यांवर एकमेकांशी बोलायचे. कंपनीनं आता मुख्य लाइन नवी घेतली, आणि त्या लाइनीला नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते सोडून दुसरं काही कळत नाही. सगळे कॉम्प्युटर बदलायचे म्हटल्यावर मालकांना घाम फुटला, म्हणून दोन्हीकडे एकेक पेटी बसवायची ठरली. इकडच्या पेटीनं बिबवेवाडीचा निरोप नव्या पाकिटात घालून लाइनीवर सोडायचा, वाघोलीच्या गोदामातल्या पेटीनं पाकीट फोडून तो आत द्यायचा. लाइनीच्या या टोकाला नम्रता, त्या टोकाला यज्ञेश्वर.

यज्ञेश्वर मूळचा विदर्भातला, वरोऱ्याचा. गेली कित्येक वर्षं लाइन बिघडली की दोघं कानाला फोन लावून बसायची. तो तिकडून चाचणीचा निरोप पाठवणार आणि विचारणार, "आला का, मॅडम?" ती सांगणार, आला किंवा नाही आला. मधल्या रिकाम्या वेळात गप्पा रंगायच्या. त्याचा तऱ्हेवाईक घरमालक, तिच्या सोसायटीतल्या भांडकुदळ मीटिंगा. तो "पाठवून राहिलो" म्हणाला की ती म्हणायची, "राहा, राहा, भाडं घेणार नाही." तो मनापासून हसायचा. प्रत्यक्ष भेट एकदाच झाली, कंपनीच्या स्नेहसंमेलनात. तिथे दोघंही खांबासारखी उभी राहिली आणि हवापाण्याचं बोलून आपापल्या घरी गेली.

कामाशिवाय फोन मात्र कुणी कुणाला केला नव्हता. करायचा तर काय म्हणून करायचा? चाळिशीला टेकलेल्या बाईनं काय, सहज केला म्हणून सांगायचं? तिला तो आवाज हवा असायचा, फार हवा असायचा. लाइन आठवडाभर सुरळीत चालली की तिला त्या लाइनीचाच राग यायचा.

आणि आता तर सगळंच मुळावर आलेलं. नवी लाइन सुरू झाली की दोन्ही टोकांची देखभाल बिबवेवाडीतूनच होणार, गोदामात माणूस नको. यज्ञेश्वरची जागा बंद. शनिवारी तो कायमचा वरोऱ्याला निघणार होता. म्हणजे आज लाइन जोडली आणि फोन ठेवला की संपलं.

"मॅडम, पाठवून राहिलो," तो म्हणाला. "आला का?"

नम्रताच्या स्क्रीनवर वाघोलीचा निरोप स्वच्छ दिसत होता. पहिल्याच फटक्यात आला होता.

"नाही आला," ती म्हणाली. तोंडातून गेलं खरं, आणि मग तिनं स्क्रीन जरा भिंतीकडे वळवली.

"बरं," जरा थांबून तो म्हणाला. "मग पेटी पाहतो."

तो पेटी पाहत बसला आणि पाहता पाहता बोलत बसला. गावाकडे आई एकटीच आहे, घराची कौलं बदलायची आहेत, तिकडचं ऊन पुण्याच्या माणसाला सोसायचं नाही. "आम्हाला उन्हाचं काय सांगता," नम्रता म्हणाली, "आम्ही एकमेकांचे टोमणे खाऊन वाढलोय." तो हसला. परत पाठवला. परत ती नाही म्हणाली. मालकांचा मुलगा रणजित येऊन विचारून गेला, एवढा वेळ का लागतोय म्हणून. "तुम्ही बसता का?" असं तिनं म्हटल्यावर तो मुकाट्यानं गेला.

आणखी एक निरोप आला, आणि तिची नजर त्याच्या खालच्या ओळीवर पडली: 'पोच पाठवली'. अरे देवा! निरोप मिळाला की तिचं मशीन आपणहून उलट पोच पाठवतं, कुणाला विचारत नाही. नवशिक्यालाही ठाऊक असतं हे. हिनं स्वतः कितीजणांना शिकवलेलं, आणि आज डोक्यातून साफ गेलेलं. ती नाही नाही म्हणत होती आणि तिकडे त्याच्या स्क्रीनवर प्रत्येक वेळी पोच उमटत होती. नम्रताचे कान लालबुंद झाले.

"यज्ञेश्वर, तुमच्याकडे पोच येतेय ना?"

"येऊन राहिली."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच, मॅडम."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुम्ही नाही म्हणत होत्या," तो हळूच म्हणाला. "मला बरं वाटून राहिलं होतं."

तेवढ्यात रणजित पुन्हा दारात उभा. "झालं का?"

"झालं," नम्रता म्हणाली.

रणजित खूश होऊन सांगत सुटला. टेबलाटेबलावर लोक आपापल्या स्क्रीनवर वाघोलीच्या गोदामातला साठा उघडून बघायला लागले. काम संपलं होतं, फोन मात्र कुणी ठेवला नव्हता. आता हा "ठेवतो" म्हणणार, या भीतीनं तिनं डोळे मिटून घेतले.

"मॅडम," तो म्हणाला, "जेवल्या का?"

तिनं टेबलाखालची पर्स उचलली.

"नाही," ती म्हणाली. "तिकडे येते मी. तास लागेल मला. थांबाल?"