टाकीतला निःश्वास

त्या सकाळी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, कुंपणावर माणसं, समोरच्या गच्चीवरही माणसं. मधोमध गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र आणि त्याच्यापुढे हात जोडून उभी असलेली माझी वहिनी.

"बोल," फुंकरमहाराज म्हणाले. "लाजू नकोस."

"मी अप्पांना नको ते बोलले. माझ्यामुळे ते गेले."

महाराजांनी टाकीचं झाकण हलकेच फिरवलं. सुस्स असा आवाज आला.

"ऐकलात? सासऱ्याचा निःश्वास! सुनेचं तोंड उघडलं, आत्म्याचं दार उघडलं!" त्यांनी टाकीत एक लांबलचक फुंकर मारली, झाकण लावलं आणि माझ्या दादाला खूण केली. दादानं दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला यंत्र धडधडायला लागलं आणि अख्ख्या अंगणानं हात जोडले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आदल्या दिवशीच परगावाहून आले होते. महाराजांचा राग आलाच, पण वहिनीची झुकलेली मान पाहून जास्त लाज वाटली. हे सगळं मला फोनवर कळत होतं आणि मी 'सुट्टी मिळाली की येते' म्हणत बसले होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर त्यांनी लोकांच्या बागांमधलं गवत कापलं, पुढे दादाही त्यांच्या जोडीला लागला. यंत्र उघडायचं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावरच, ही अप्पांची खोड. शेवटच्या सकाळी त्यांनी काळाकुट्ट स्पार्क प्लग भिजवलेल्या कणकेशेजारी ठेवला आणि वहिनी भडकली, "एक तर या घरात हे यंत्र राहील, नाहीतर मी!" अप्पांनी प्लग परत बसवला आणि ते कामाला गेले. इस्पितळाच्या बागेत, यंत्राची मूठ धरलेली असतानाच ते कोसळले.

माफी मागायला माणूस उरला नव्हता. मग वहिनीनं यंत्रच पुसून लख्ख केलं, त्याला नखशिखांत लाल रंग दिला. तेव्हापासून यंत्राचं बिनसलं. सुरू व्हायचं, थोडं चालायचं आणि मान टाकायचं. मग खांदा निखळेपर्यंत दोरी ओढली तरी ढिम्म. दादानं प्लग बदलला, पेट्रोल बदललं, हवेची जाळी साफ केली. गॅरेजवाला आधी टाकी उघडून पेट्रोल बघायचा, मग दोरी ओढायचा, आणि यंत्र सुरू! "यात काही दोष नाही," तो म्हणायचा. "मग दोष माणसातच," असं म्हणत शेजारच्या काकू महाराजांना घेऊन आल्या. झाकणाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ही महाराजांची पहिली आज्ञा. दुसरी, सुनेनं रोज यंत्रापुढे उभं राहून अपराध कबूल करायचा. आज त्यांनी शेवटचा तोडगा सांगितला होता. यंत्र मठात द्यायचं आणि सुनेनं घर सोडायचं. वहिनीची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

"दादा, तू काही बोलणार आहेस की नाही?"

"कामं बुडतायत गं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "महाराज म्हणतात तर..."

तेवढ्यात यंत्र बंद पडलं.

"बघा! आत्मा अजून रुसलाय!"

"महाराज, आता झाकण मी उघडते."

"अनर्थ होईल! हात भाजतील!"

"शाळेच्या प्रयोगशाळेत अधूनमधून भाजतातच," मी म्हटलं आणि झाकण फिरवलं. सुस्स! ना फुंकर, ना कबुली. झाकण परत लावलं, दादानं दोरी ओढली आणि यंत्र सुरू.

महाराज डगमगले नाहीत. "पोटची पोर आहे! बापानं लेकीचा मान राखला!"

यंत्र पुन्हा थांबेपर्यंत मी वाट पाहिली. "आता काकू, तुम्ही उघडा." काकूंनी चाचरत झाकण फिरवलं. पुन्हा तोच निःश्वास, पुन्हा तीच धडधड.

"काकूंचं आणि अप्पांचं काय नातं, महाराज?"

जिन्यावरून हशा आला आणि काकू लालबुंद झाल्या.

"काकू, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर?"

"धार येत नाही नीट. दुसरं पाडावं लागतं."

"कशाला?"

"हवा आत जायला."

"झालं तर! टाकीतून पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीकसं भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल अडकतं आणि यंत्र बंद. झाकण उघडलं की बाहेरची हवा आत घुसते. तोच तुमचा निःश्वास!"

यंत्र बंद करून, सुईनं मी झाकणावरचा वाळलेला लाल रंग खरवडला. भोक मोकळं झालं. दादानं यंत्र सुरू केलं. या खेपेला ते चालतच राहिलं. माणसांना मागे सारत दादानं अर्ध्या अंगणातलं गवत कापून काढलं. "माझी फुंकर आत साठली आहे," असं काहीतरी पुटपुटत महाराज फाटकाकडे सरकले. झाकणाला कुणी हात लावायचा नाही असं का बजावलं होतं, हे विचारायला मी वळले तोवर ते गल्लीच्या टोकाला पोचले होते.

मी जिंकल्याच्या थाटात वहिनीकडे पाहिलं. ती रडत होती.

"रंग मीच लावला होता. म्हणजे यंत्रसुद्धा मीच बंद पाडलं."

माझं सगळं विज्ञान तिथं तोकडं पडलं. यंत्राचं कोडं सोपं होतं.

दादानं यंत्र बंद केलं. कपाळावरचा घाम पुसला.

"अप्पांचं हृदय थकलंय, काम बंद करा, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी घरात बोललो नाही. इस्पितळाचं काम हातचं गेलं असतं. त्या सकाळी यंत्र मीच गाडीत चढवलं." तो वहिनीकडे बघू शकत नव्हता. "तू रोज इथे उभी राहून कबूल करायचीस आणि मला हायसं वाटायचं."

वहिनीनं दाराशी ठेवलेली बॅग उचलली, दादाच्या पायाशी ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

म्हणून सांगते, आवाज आला तर झाकण तपासून बघा, चमत्काराला घाबरू नका. आणि कुणा एकाला चारचौघांत उभं करून अपराध वदवून घेत असतील, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, यामुळे कुणाची सुटका होते आहे?