आत्याबाईला टाळ्या नाहीत

मी बोर्ड बोलतोय. दुकानावरचा नाही, शाळेतला तर अजिबात नाही. टीव्हीवर तो प्रश्नांचा खेळ लागतो ना, त्याच्या स्टुडिओत प्रेक्षकांच्या समोर, कॅमेऱ्यांच्या वर टांगलेला बोर्ड. माझ्यावर एकच शब्द आहे, टाळ्या. माझं शिक्षण तेवढंच. मी पेटलो की माणसांनी वाजवायच्या, मी विझलो की थांबायचं. तुम्ही घरी गादीवर लोळत म्हणता, "काय लोकप्रिय माणूस आहे, बघा किती टाळ्या पडतायत!" त्या मी पाडलेल्या असतात. घ्या आता.

माझा जन्म पत्र्याच्या शेडमधला. पत्र्याचा खोका, आत बल्ब आणि पुढे दुधी काच. त्या काचेवर रंगाऱ्यानं तांबडी अक्षरं काढली. एरवी तो वाण्यांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून हाताच्या सवयीनं खाली 'उधारी बंद' लिहायला निघाला होता. कुणीतरी वेळेवर ओरडलं म्हणून वाचलो.

मला स्वतःहून पेटता येत नाही. कॅमेऱ्यापाशी फ्लोअर मॅनेजर उभा असतो, तो हात वर करतो. मागं स्टुलावर बटणवाला बसलेला असतो, त्याला वर झालेला हात दिसला की तो बटण दाबतो. खेळ काय चाललाय, कोण जिंकलं, कोण हरलं, याच्याशी बटणवाल्याला देणंघेणं नाही. तो हात बघतो. बरीच वर्षं तो फक्त हातच बघत आलाय.

पहिला सूत्रसंचालक म्हणजे अण्णा. नाटकातला माणूस. आवाज असा की शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूससुद्धा सरळ बसायचा. स्पर्धक घाबरला तर अण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि शेवटच्या प्रश्नाआधी स्वतःच्या हातानं त्याला पाण्याचा ग्लास द्यायचे. ती पद्धत त्यांचीच. पुढं त्यांचे गुडघे गेले. दिवसभर उभं राहणं जमेना. एक दिवस सगळ्यांना हात जोडून ते गेले.

मग आला सिनेमातला हिरो. दिसायला राजबिंडा, पण प्रश्न वाचायला चष्मा लागायचा आणि चष्मा घालायचा नाही. मग काहीच्या बाही विचारायचा. स्पर्धक उत्तर देत असला की हा बाजूच्या टीव्हीच्या काचेत स्वतःचे केस बघायचा. त्याच्यासाठी मला इतकं पेटवलं, इतकं पेटवलं, की एक बल्ब जळाला.

मधल्या वेळात प्रेक्षक जे बोलतात ना, ते माझ्या तोंडासमोर बोलतात. पहिल्या रांगेत कायम येऊन बसणारी दोघं होती. एक चष्मेवाली आजी, दुसरा निवृत्त पोस्टमन. नातं काही नाही, पण भांडण जुनं.

"हिरो बरा आहे हो," आजी म्हणायची. "घरात टीव्हीचा आवाज बंद करून बघावा असा आहे."

"अण्णांच्या चपलेशी उभं राहायची लायकी नाही त्याची," पोस्टमन म्हणायचा.

"मग अण्णांच्या चपलाच उभ्या करा तिथं. तुम्ही बसा टाळ्या वाजवत."

हिरोला नवा सिनेमा मिळाला आणि तो पळाला. मग चॅनेलच्या साहेबांनी जिला आणलं, तिचं नाव ऐकून पहिली रांग उभीच राहिली. आत्याबाई!

आत्याबाई म्हणजे मालिकेतली खाष्ट बाई. अनाथ भाचीला छळणारी. तिला अंधाऱ्या खोलीत कोंडायची, तिची लग्नं मोडायची, दुधात विषाची पूड घालायची. मालिका संपून गेली, भाची सुखानं नांदायला लागली, पण लोकांचा राग काही उतरला नाही. खरी बाई बिचारी साधी. पण बाजारात गेली की भाजीवाली तिला किडकी वांगी द्यायची. आणि वर म्हणायची, "तुझ्या कर्माची आहेत."

"त्या मेलीला मी टाळ्या वाजवायच्या?" आजी म्हणाली. "त्या पोरीला दोन दिवस उपाशी ठेवली होती तिनं!"

"आपण हातच उघडायचे नाहीत," पोस्टमन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. त्यांनी मागच्या रांगांनाही पढवलं. हाताची घडी, तोंडावर बोट.

झालं तसंच. पहिल्या दिवशी ती आली, मी पेटलो, आणि काही नाही. सगळं सुन्न. नुसता सेट ठोकणारा सुतार मागं उभा राहून वाजवत होता, तोही दोनचार वाजवून लाजला. माझ्या सबंध जन्मात असा अपमान झाला नव्हता. मी विझलो, परत पेटलो, डोळे मिचकावले. लोक माझ्याकडं असे बघत होते की जणू मी भीक मागतोय.

"राहू दे," फ्लोअर मॅनेजर हळूच म्हणाला. "टाळ्या नंतर मशीनमधून घालू."

मशीनमधून! म्हणजे डबाबंद टाळ्या. मेलेल्या माणसांच्या सुद्धा असतील त्यात. आम्ही मग इथं कशाला लटकलोय?

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. आत्याबाईला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आजचं बघू. नाही जमलं तर हिरोला परत विचारतो. त्याचा सिनेमा आपटलाय."

साहेब गेल्यावर ती तिथंच उभी राहिली. फ्लोअर मॅनेजर म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, ताई."

"मनाला नाही रे. पण हे गेलं तर मला परत कुणाच्या तरी दुधात पूडच घालायला लावणार. साठीपर्यंत तेच. मला एकदा तरी कुणीतरी बघून हसावं, एवढंच होतं." मग पदर खोचून म्हणाली, "चल, बोलाव त्या माणसाला."

तो माणूस म्हणजे त्या दिवशीचा स्पर्धक, बसचा ड्रायव्हर. चांगला आडवातिडवा गडी. खुर्चीत बसला आणि समोर आत्याबाईला बघून त्याचा पार उंदीर झाला. घरी बायकोबरोबर त्यानं मालिका पाहिली असणार, आणखी काय.

"बसा हो दादा, आरामात बसा," आत्याबाई म्हणाली. "पहिला सोप्पा प्रश्न. दूध तापवलं की वर काय येतं?"

आता प्रश्न काही तिनं काढलेला नव्हता. पण दूध म्हटल्यावर सगळ्या खुर्च्या करकरल्या. ड्रायव्हर पांढरा पडला.

"मला... मला ठाऊक नाही."

"अहो, साय! घरी बघत असाल की."

"मी दूध पीतच नाही. आता तर नाहीच."

आजीनं पोस्टमनला कोपर मारलं. "बघा, बघा कशी दुधावरच आली!"

असा खेळ कुठं पुढं सरकतो? ती जितकं गोड बोलेल, तितका तो खुर्चीत आत जाई. कारण मालिकेत ती गोड बोलली की पुढच्या भागात कुणीतरी दवाखान्यात, हे सगळ्यांना पाठ. धक्केबुक्के खात गडी शेवटच्या प्रश्नापर्यंत आला. तो बरोबर आला तर फ्रिज मिळणार होता. आणि अण्णांच्या पद्धतीप्रमाणं आत्याबाई पाण्याचा ग्लास घेऊन त्याच्यासमोर गेली. वर हसली. तिथंच चुकलं.

"घ्या दादा, घोटभर पाणी घ्या."

"नको. तहान नाही."

"अहो, ओठ सुकलेत तुमचे."

"माझे असेच असतात. जन्मापासून."

"घ्या हो, एक घोट."

पहिल्या रांगेत आजी ताडकन उभी राहिली. "पिऊ नका हो! पिऊ नका! घरी बायकापोरं आहेत तुमची!"

आत्याबाईनं आजीकडं पाहिलं. ड्रायव्हरकडं पाहिलं. मग ग्लासाकडं. मला वाटलं, आता ही रडणार. फ्लोअर मॅनेजरलाही तसंच वाटलं असावं, तो एक पाऊल पुढं आला.

तिनं ग्लास उचलला आणि स्वतःच घटाघट प्यायली.

मग ग्लास खाली ठेवला. गळ्याला हात लावला. डोळे मोठे केले. एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकला, गुडघ्यात वाकली, परत सावरली, परत वाकली आणि घरंगळत फरशीवर आडवी झाली. खाष्ट बाईनं मालिकेच्या शेवटी जसं मरायला हवं ना, अगदी तसं. शेवटी एक पाय सुद्धा झाडला.

फ्लोअर मॅनेजरला ते खरंच वाटलं. "थांबा! कॅमेरे थांबवा!" म्हणत त्यानं दोन्ही हात वर केले.

बटणवाल्याला काय दिसलं? हात. तेही दोन. त्यानं बटण दाबलं.

मी पेटलो.

आणि काय सांगू तुम्हाला, तीन दिवस हाताची घडी घालून बसलेली माणसं सुटली! टाळ्यांचा नुसता पाऊस. पोस्टमन शिट्टी मारत होता, त्या वयात. आजीच्या बांगड्या वाजत होत्या. मागचे खुर्चीवर उभे राहिले. आत्याबाई मेली, एकदाची मेली! भाचीचे पांग फिटले!

फरशीवर पडल्या पडल्या आत्याबाईनं एक डोळा उघडला.

"अगं बाई! जिवंत होते तोवर हात बांधलेले, आणि मेले तर शिट्ट्या?"

टाळ्या जिथल्या तिथं थांबल्या. मी अजून पेटलेलाच होतो, पण माझ्याकडं कोण बघतंय? सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. पोस्टमनची बोटं तोंडातच अडकलेली. मग कुठूनतरी खुदकन आवाज आला, आणि सगळा स्टुडिओ पोट धरून हसायला लागला. ड्रायव्हर तर इतका हसला की खुर्चीवरून घसरला आणि तिच्या शेजारीच येऊन बसला.

"आजी," आत्याबाई पडल्या पडल्याच म्हणाली, "पाणीच होतं हो. या, तुम्ही पण एक घोट घ्या."

"मी नाही बाई घेणार," आजी म्हणाली. चष्मा पुसत होती. "आणि तू ऊठ आधी. गार फरशीवर अशी पडू नकोस, कंबर धरेल."

ड्रायव्हरनं तिला हात देऊन उठवलं. मग टेबलावरचा पाण्याचा जगच तोंडाला लावला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "विचारा, आत्याबाई." सगळ्यात उंच प्राणी कोणता, असा प्रश्न होता. गडी असा ओरडला "जिराफ!" की मागचा सुतार दचकला. फ्रिज घेऊन गेला.

साहेबांना ते मरण कापायचं होतं. आत्याबाई म्हणाली, "मग मलाही कापा. आयुष्यात पहिल्यांदा मला टाळ्या पडल्यात, त्याही मी मेल्यावर. त्या सोडीन होय?" साहेबांनी जसंच्या तसं दाखवलं. हिरोला पुन्हा कुणी फोन केला नाही.

आता प्रेक्षक येतात तेच मुळी तिच्याकडून बोलणी खायला. स्पर्धक चुकला की ती म्हणते, "शाळेत जात होतास की नुसता डबा खाऊन येत होतास?" आणि लोक खूश. पोस्टमन अजून म्हणतो, अण्णा ते अण्णाच. पण तो एकही दिवस चुकवत नाही. आजीचं मत विचाराल तर ती सांगते, "बाई दुष्टच आहे. पण आपली आहे." चाहत्यांच्या मताचं हे असं असतं. त्याला शेंडा नाही, बुडखा नाही आणि बटण तर नाहीच नाही.

राहता राहिलो मी. एक दिवस आत्याबाई माझ्याखाली येऊन उभी राहिली. वर बघून म्हणाली, "ह्याला उतरवा. रागावून नाही सांगत. लोकांना खरंच आवडलं का, ते मला कळायला नको?"

उतरवलं. राग आला, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं चाकरी केली आणि हे फळ. सुतारानं मला उताणं पाडून चार पाय ठोकले. आता मी पडद्यामागं कामगारांच्या खोलीत चहाचं टेबल आहे. माझ्या काचेवर कपांचे गोल डाग पडलेत. बटणवालाही इथंच बसतो, त्याला हल्ली बघायला हातच नसतात. बिस्किटं बुडवून बुडवून खातो आणि चुरा माझ्यावर सांडतो.

पलीकडून टाळ्या ऐकू येतात. बेशिस्त टाळ्या हो. एक जण आधी वाजवतो, दुसरा मागून. कधी कधी तर पडतच नाहीत, नुसती शांतता, आणि मग एकदम सगळे. असं वाजवायला यांना कुणी सांगितलं म्हणून मी कान देऊन ऐकत असतो, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी बशी आपटतो.

तुम्ही इथं चहाला आलात तर एक करा. कप जरा हळू ठेवा. आत्याबाई काहीतरी बोलतेय.