उसना आवाज

"बोलायचं नाही. नुसती मान हलव," असं म्हणत डॉक्टरांनी धाकट्याच्या नाकातली बारीक नळी बाहेर काढली. "काल तालमीत वरच्या सुराला काही तुटल्यासारखं झालं?"

धाकट्याने मान हलवली.

"स्वरतंतूत रक्त उतरलंय."

"मग आज गाता नाही येणार?" ताईने विचारलं. धाकट्याच्या वतीने बोलायचं खातं लहानपणापासून तिच्याकडेच होतं.

"येईल की. पण तंतू फाटला, तर पुढे भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरताच आवाज उरेल."

"हसत काय सांगता, डॉक्टर! आज संध्याकाळी याचं पहिलं मोठं काम आहे. राजपुत्राचं!"

"रडत सांगितलं तर रक्त आटेल का? गप्प राहणं हेच औषध. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"आणि नंतर येईल ना आवाज परत?"

डॉक्टर नळी पुसत बसले.

धाकटा ऑपेरातला काउंटरटेनर होता. म्हणजे बोलायला लागला की वडिलांसारखा घोगरा, आणि गायला लागला की थेट बाईच्या पट्टीत. नातेवाइकांनी आधी घसा दाखवायला सांगितलं, मग पाठीमागे थट्टा केली, आणि वर्तमानपत्रात फोटो आल्यावर 'आम्ही तेव्हाच ओळखलं होतं' म्हणायला लागले. दूत, मेंढपाळ, दुसरा शिपाई अशा दोन-दोन ओळींच्या कामांतून तो वर आला होता. आता कुठे राजपुत्र झाला, तर गळाच बसला.

नाट्यगृहात दिग्दर्शकाने ताईचं सगळं ऐकून घेतलं. हा माणूस दुसऱ्याच्या दुखण्यावर हळहळायचा जरूर, पण घड्याळाकडे बघत.

"प्रयोग रद्द होणार नाही," तो म्हणाला. "याने चालायचं, ओठ हलवायचे. विंगेत बसून मास्तर गातील."

ऑपेरात ही सोय जुनीच. मास्तर म्हणजे धाकट्याचे गुरू. एके काळी हाच राजपुत्र त्यांनी गाजवला होता. आता फक्त शिकवत.

"अहो, माझा श्वास जिना चढायला पुरत नाही," मास्तर म्हणाले.

"आजचा दिवस ढकला. उद्या परगावाहून एक मुलगा येतोय, पुढचे सगळे प्रयोग तोच करेल."

"सगळे?" ताईचा आवाज चढला. "आणि हा?"

"हा बरा होऊ दे. मग बघू."

'मग बघू'चा अर्थ त्या इमारतीत पडदा ओढणाऱ्यालाही ठाऊक होता. धाकट्याने तोंड उघडलं, आणि घाबरून मिटलं.

प्रयोगाआधी पडद्यासमोर येऊन दिग्दर्शकाने आजारपणाची घोषणा केली. मग धाकटा रंगमंचावर गेला. आपल्या तोंडातून दुसऱ्याचा आवाज निघताना हातांचं काय करायचं, हे त्याला सुचेना. मास्तरांचा आवाज थकलेला होता, पण सुराला पक्का. दोन अंक कसेबसे निभावले.

तिसऱ्या अंकात तुरुंगातल्या राजपुत्राचं निरोपाचं गाणं होतं. तिथला लांबलचक सूर एका दमात घ्यायचा असतो. मास्तरांनी श्वास घेतला आणि धाकट्याच्या लक्षात आलं, हा पुरायचा नाही.

सूर मध्येच तुटला. वाद्यवृंद चालवणाऱ्या बाईंचा हात हवेतच थांबला.

धाकट्याचं तोंड उघडंच होतं, आणि तुटलेला सूर त्याच्या गळ्याशी येऊन उभा होता. नुसता सोडायचा अवकाश. सगळं सभागृह ऐकेल. दिग्दर्शक ऐकेल, उद्याच्या त्या मुलाला कळवूनही टाकेल, येऊ नकोस म्हणून. शांततेची त्याला भीती वाटत होती, आणि त्या सुराची त्याहून जास्त. तेवढ्यात त्याला विंगेतले मास्तर दिसले. छाती धरून, मान खाली घालून बसलेले.

धाकट्याने तोंड मिटलं. भिंतीकडे वळला आणि गुडघ्यांवर बसला, जणू राजपुत्रालाच हुंदका आवरेना. बाई थांबल्या. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मास्तरांना दम मिळाला, त्यांनी पुढची ओळ हळूच उचलली.

पडदा पडल्यावर मास्तरांनी त्याला गाठलं. "तू का नाही घेतलास रे? तोंडाशी होता तुझ्या, दिसत होतं मला."

धाकट्याने गळ्याकडे बोट दाखवलं.

"खोटं बोलतोस."

"गळ्यासाठीच हो, मास्तर," ताई म्हणाली. "त्याच्या की तुमच्या, तेवढं विचारू नका."

मास्तर हसायला गेले आणि त्यांना खोकला आला. ताई त्यांना धरून पाण्याकडे घेऊन गेली.

धाकटा रंगपटाच्या खोलीत राजपुत्राचा कोट काढणार, तेवढ्यात शिवणकामाच्या मावशी आल्या. "काढू नकोस, बाळा. तो नवा मुलगा तुझ्याहून बारीक आहे म्हणे. तुझ्या अंगावरच टाचण्या लावून घेते, उद्या वेळ मिळायचा नाही."

धाकट्याने हात पसरले. मावशी बोलत बोलत कापड चिमटीत धरून टाचण्या खुपसत होत्या. एक आरपार गेली. कोटाखालच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपका उमटला, पसरला, तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं.

"अगंबाई! लागली? ओरडायचंस तरी, मेल्या!"

धाकट्याने नकारार्थी मान हलवली आणि काखेतली शिवण त्यांना नीट दिसावी म्हणून हात आणखी थोडा वर केला.