एकमताला एक हात कमी

“काय रे भोंग्या, घसा बसला का?” मावशीने विचारलं.

बॉयलरवाला भोंगा मान खाली घालून बसला होता. लॉन्ड्री कामगारांच्या स्वतःच्या मालकीची. ती एका बड्या कंपनीच्या हवाली करायची का, यावर आज मतदान होतं. इथला रिवाज असा, की आधी भोंग्याने कडाडून विरोध करायचा, मग बाकीच्यांनी त्याला गप्प करायचं, आणि सगळे पुरेसे दमले की हात वर करायचे. असे कैक निर्णय झाले होते. बरेचसे चुकलेही होते, पण आपापसांत भांडून चुकले होते.

“बोलून झालंय माझं,” भोंगा म्हणाला.

“कुणाशी?”

“तिच्याशी. त्या फोनवरच्या बाईशी.”

कंपनीचं एक बोलणारं यंत्र महिनाभर संध्याकाळी एकेका सभासदाला फोन करत होतं. बाईचा आवाज, घाई नाही, कंटाळा नाही.

“बॉयलरचं सगळं ऐकून घेतलं तिनं. तुम्ही कधी ऐकलंत? नुसती बाकं बडवायचात.”

बाकं बडवण्यात मावशीच पहिली. आणि फोन तिलाही आलाच होता. उभ्याने चादरींच्या घड्या घालून तिचे गुडघे कामातून गेलेत, हे घरात सुनेला ठाऊक नव्हतं. त्या आवाजाने दोन दिवसांत काढून घेतलं. वर, “पुढे तुम्हाला काउंटरवर बसून काम,” असंही सांगितलं.

मावशीने हे बोलून दाखवलं मात्र, इस्त्रीवाली ताडकन उठली.

“काउंटर? ते तर तिने मला कबूल केलंय!”

“मग मला काय सांगितलंय?” मागून धुलाईवाला ओरडला.

खुर्ची एक, बसणारे तीन. मावशीला हायसं वाटलं. आता पेटेल.

“अहो मावशी, तुमची आपली समजूत काढायला म्हणाली असेल,” इस्त्रीवाली पुन्हा खाली बसत म्हणाली. “मला मनापासून म्हणाली.”

धुलाईवाला गालातल्या गालात हसला. त्यालाही मनापासूनच सांगितलेलं होतं. प्रकरण मिटलं.

हात वर झाले. भोंग्याचाही झाला, जेमतेम खांद्यापर्यंत.

“विरोधात?”

मावशीचा एकटीचा.

“मावशी, घ्या ना खाली,” अध्यक्ष अजिजीने म्हणाला. “एकमताने, असं लिहिता येईल. तसाही काय फरक पडतोय?”

“नाही पडत. लिही, एक विरोधात.”

त्याचं लिहून होईपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.

माणसं पांगली. भोंगा तेवढा घुटमळला.

“मावशी, दोन शिव्या तरी घाला.”

“दमले रे बाबा.”

इस्पितळाच्या चादरी न्यायला गाडी यायची वेळ झाली होती आणि त्या घडी न घालता तशाच पडल्या होत्या. तिने एका चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली, दोन आपण धरली, आणि दोघं मागे मागे सरत गेली, चादर ताणली जाईपर्यंत.